आग्नेसबाईंची यादी

चहाला उठताना आग्नेसबाई कॉम्प्युटरचा माऊस काढून पर्समध्ये टाकत. जेवायला जाताना, पाणी प्यायला जाताना, मेट्रनने दोन मिनिटांसाठी बोलावलं तरीसुद्धा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, माऊस कुठाय?"

"माझ्याजवळ हाय," त्या म्हणाल्या. "तुझं काय काम होतं त्याच्याकडं?"

भाईंदर पश्चिमेच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, रक्तपेढीमध्ये त्या रक्तदात्यांची नोंद ठेवत. राहायच्या भाईंदरच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावात. चाळिशी उलटल्यावर मीरा रोडच्या क्लासला जाऊन त्या डेटाबेस शिकल्या आणि वह्यांमधली सगळी नावं त्यांनी एकटीने टाइप केली. पण ती यादी फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर. बाई घरी गेल्या की यादी बंद. म्हणून ट्रस्टींनी कॉम्प्युटरच्या कामासाठी मला घेतलं आणि सांगितलं, की यादी ऑफिसच्या इंट्रानेटवर, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर उघडेल अशा एका पानावर आण. कॅज्युअल्टीतल्या क्लार्कने रक्तगट टाकला की नावं आणि फोन नंबर समोर यायला हवेत. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. तीन महिने लागले.

ओ निगेटिव्ह हा एकच रक्तगट बाईंनी चार तऱ्हांनी लिहिला होता, त्यातली एक 'ओ वजा'. शेवटच्या रक्तदानाच्या रकान्यात तारखेऐवजी 'गणपतीनंतर' किंवा 'मुलीच्या बारशाआधी'. सकाळपासून त्या फाईल उघडून बसत, त्यामुळे माझ्या पानावर फाईल वापरात असल्याची तक्रार झळके. बंद करा म्हटलं तर म्हणत, "दुकान बंद करून गिऱ्हाईक कसं बघू?" संध्याकाळी मात्र सरळ भिंतीवरचं बटण बंद करून निघून जात. मी बटणावर चिठ्ठी लावली, 'बंद करू नये'. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'वीज फुकट येत नाही'.

सगळ्यात वैताग शेरा या रकान्याचा. 'दुपारी झोपतो.' 'आधी आईची तब्येत विचारावी.' 'आवाज चढवला तर येत नाही.' प्रत्येक नावापुढे असलं काहीतरी.

"बाई, ही माहिती नाही, या गप्पा आहेत."

"माणूस गप्पांनीच येतो रे," त्या म्हणाल्या. "नंबरानं नुसती घंटी वाजते."

मी वाद घातला नाही. त्यांना न सांगता तो रकाना पानावरून गाळून टाकला.

पान सुरू झालं आणि आठवड्याभरातच एका सकाळी बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई आली. ओ निगेटिव्ह. क्लार्कने माझं पान उघडलं. पहिलं नाव मीरा रोडच्या एका शिक्षिकेचं होतं. त्याने घरच्या नंबरावर फोन लावला. सासूने उचलला. "आमची सून रक्त देते? कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हणाली आणि फोन आपटला. पुढचे दोघे गावाला गेलेले. तो धावत आग्नेसबाईंकडे आला. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही, शाळेत फोन केला. अर्ध्या तासात शिक्षिका रिक्षाने आल्या, बोटांना खडू तसाच. बाळंतीण वाचली.

दोन दिवसांनी त्या शिक्षिका पुन्हा आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "घरी फार झालं, बाई. माझं नाव काढा."

आग्नेसबाई खुर्चीतून उठल्या आणि मला म्हणाल्या, "बस. तूच काढ."

मी ती ओळ उघडली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'घरी फोन करू नये. शाळेत करावा.' शिक्षिका माझ्या मागे उभ्या होत्या. मी ओळ पुसली.

एका बटणावरून तासभर बोलणाऱ्या बाई त्या दिवशी अवाक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, 'शेरा आधी, नंबर नंतर'. मी पान तसं बदललं. शेऱ्यावर टिचकी मारल्याशिवाय नंबर दिसेना. क्लार्क कुरकुरले, पण पुढे बाईंचा पाय मोडून त्या दीड महिना घरी होत्या, तेव्हा एकही फोन चुकीच्या घरी गेला नाही. त्या मात्र रोज पालीहून मला फोन करत आणि पान हळू उघडतं म्हणून सुनावत. घरी बसून त्यांना ते कसं कळायचं, देव जाणे.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी त्यांची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेलो. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "बाई, त्या शिक्षिकेच्या वेळी तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. का?"

त्या आधी नीट रिक्षात बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

"वरडले असते, तर तू सॉरी बोलून मोकळा झाला असतास," त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया, पाली."