कामापुरती घरची

"ऊठ ना वं, चहा वाट. तू तं घरचीच आहेस."

भाऊ हे सगळ्यांसमोर बोलले. भाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख. ब्रह्मपुरीतला हॉल, समोर शहरातून आलेल्या संशोधक मॅडम. गावोगावचे स्वयंसेवक काम अर्ध्यात का सोडतात, त्यांना कसं टिकवावं, यावर संस्थेला अभ्यास करायचा होता. आधी बाहेरच्यांचं मत घ्यावं, म्हणून प्राध्यापक, डॉक्टर, एक निवृत्त साहेब बोलावले होते. मीही खुर्चीवर बसले होते. सिकलसेलच्या पेशंटना दवाखान्यात नेण्याचं काम मी लग्नाआधीपासून करते. अभ्यास सुरू झाला की तुलाच सुपरवायझर करतो, असा भाऊंचा शब्द होता. पगाराची नोकरी. मला ती फार हवी होती.

मी उठले. ट्रे घेतला.

साहेब मॅडमना सांगत होते, "यांच्यात सेवाभावच नसतो. फुकटच्या सवलतींची सवय." यांच्यात म्हणजे कुणाच्यात, हे आम्हाला सांगावं लागत नाही. भाऊ हसले. माझं डोकं सणकलं.

गावच्या बैठका भाऊंच्याच घरी होतात. बाकीच्या बाया थेट चुलीपर्यंत जातात. मी आणि आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली शोभा बाहेर छपरीत. आमचे कप तिथल्याच कोनाड्यात, आम्हीच विसळायचे. शोभानं काम सोडलं तेव्हा भाऊंनी कारण सांगितलं, घरची अडचण. अडचण घरचीच होती, पण भाऊंच्या घरची.

मी ट्रे टेबलावर आदळला. चहा सांडला.

"बाहेरच्याइचं मत पायजे ना, मॅडम? मंग मले विचारा. मी बाहेरची आहो."

मॅडम गोंधळल्या. "तुम्ही तर संस्थेच्याच ना?"

"कामाले घरची. बसाले बाहेरची. तुमच्या अभ्यासात एक प्रश्न टाका. ज्याच्या घरी बैठक होते, त्याच्या घरात तुमाले कुठवर जाऊ देते?"

भाऊ उभे राहिले. "जातपात इथी काऊन काढतं? सुपरवायझर व्हाचं हाय ना तुले?"

ती नोकरी मला अजूनही हवी होती, खोटं कशाला सांगू.

"नाई झाली तरी चालते. प्रश्न लिवा, मॅडम."

मॅडमनी आधी भाऊंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विषय जरा संवेदनशील आहे." पेनाचं टोपण लावलं.

सुपरवायझर दुसरी झाली. काम मी सोडलेलं नाही. पेशंट माझे आहेत, संस्थेच्या बापाचे नाहीत.

आता अभ्यासवाले गावात येणार आहेत. येऊ देत. मी शोभाशी बोलले, मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराशी बोलले. तो प्रश्न त्यांनी आधी विचारायचा, मोठ्यानं, भाऊंच्या समोर. नाही विचारला, तर आमच्या मोहल्ल्यातून त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.