ग्रॅमची तरंगती दोरी

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांनी ग्रॅम म्हणावं यात नवल ते काय? त्यात हा अंगाने काडी आणि बोलण्यात भलता काटेकोर. चहात साखर जास्त झाली असं कुणी म्हटलं, तर 'किती जास्त?' असं विचारणारा. माणूस तसा सरळ होता. खोड एकच. आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही हे कबूल करायचं म्हटलं की त्याचा जीव जायचा.

खेकड्यांचा नाद त्याला साडूने लावला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पन्नाशी उलटलेला शिंपी, कोट शिवण्यात पटाईत. रविवारी सकाळी दोघे आपापली होडी घेऊन खाडीत जायचे. पोटासाठी नव्हे हो, निव्वळ हौस! लांबलचक दोरी, तिला वीतवीतभर जागा सोडून कोंबडीच्या माना बांधायच्या, दोन्ही टोकांना वजन आणि वर खुणेचा डबा. दोरी तळाशी पसरून निवांत बसायचं. मग एका टोकाकडून हळूहळू उचलत जायचं. खेकडा महाहावरट, खाणं सोडत नाही, दोरीबरोबर वर येतो. त्याने पाण्याबाहेर डोकं काढायच्या आत खालून जाळी घालायची.

"सगळी गंमत दोरीत आहे, साडूबुवा," शिंपी सांगायचा. "दोरी आपल्या आपण बुडली पाहिजे. जाड नको, उचलताना खांदे भरून येतात. बारीक तर नकोच नको, ओला हात कापते. आणि सैल सोडली तर वेटोळी होता कामा नयेत."

दोरी घ्यायला दुकानात गेला की शिंपी आधी तिचा तुकडा मागून घ्यायचा आणि बादलीत टाकून बघत उभा राहायचा. दुकानदार कपाळावर हात मारायचा, पण धक्क्यावरचे सगळे हौशी लोक नवी दोरी घेण्याआधी शिंप्याचाच सल्ला घ्यायचे.

ग्रॅमला नेमकं तेच खुपायचं. काय म्हणे शिंप्याला विचारा! वजनातलं शिंप्याला कळतं की आपल्याला? एक दिवस तो पिवळीधमक, बारीक, कडक प्लॅस्टिकची दोरी घेऊन आला. "हत्ती बांधला तरी तुटणार नाही, दादा!"

शिंप्याने ती चिमटीत धरून पाहिली. "तुटणार नाही हेच तर वाईट. आणि ही तरंगते. परत करून या."

परत करतोय कसला! ग्रॅमने दोरी काट्यावर तोलली, तिला बुडवायला किती लोखंड लागेल ते काढलं आणि दर दहा हातांवर एकेक नट बांधून टाकला. हिशोब अगदी बिनचूक. पण दोन नटांच्या मधली दोरी कुणाचा हिशोब ऐकते? तिथे ती कमान करून वर आली आणि पाण्याखाली वीतभर तरंगत राहिली. ओहोटी लागली तशी आणखीच वर.

त्याच कमानीवरून शिंप्याची होडी आली. इंजिनाने आचका दिला आणि बंद पडलं. शिंप्याने वाकून इंजिनाच्या पंख्यात अडकलेली दोरी ओढली, तिचा वेढा उजव्या हाताला बसला, आणि तेवढ्यात ओहोटीने होडी ओढून नेली. दोरी काही तुटली नाही. अंगठ्याच्या मुळाशी मात्र हाडापर्यंत गेली.

ग्रॅम जिवाच्या आकांताने वल्ही मारत आला. साडूला घेऊन धक्क्याला लागला तेव्हा तिथे माणसं जमली होती. या धक्क्याचा नियम कडक. ज्याची दोरी दुसऱ्याच्या पंख्यात जाईल, त्याची होडी इथे पुन्हा बांधायची नाही. मग तो कुणीही असो.

"कुणाची दोरी?" त्यांच्यातल्याच एका हौशी बेकरीवाल्याने विचारलं.

रक्ताळलेला टॉवेल छातीशी धरून शिंपीच म्हणाला, "माझीच. नवी आणली होती. माझ्याच पंख्यात गेली."

आणि ग्रॅम गप्प बसला. तेव्हाच बोलला असता तर? पण नाही बोलला. आधी वाटलं, दवाखान्यात सांगू. दवाखान्यात वाटलं, टाके पडू देत. मग घरी गेल्यावर सांगू. एकदा गिळलेलं खरं बाहेर काढणं फार अवघड हो, रोज थोडं आणखी खाली जातं.

जखम भरली, पण अंगठा वळेना. कात्री धरायची ती अंगठ्यानेच. कापडं बेतायची तशीच पडून राहिली. होईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले. किती हळूहळू, ते त्यांनाही सांगता आलं नाही. धक्क्यावर तर शिंप्याची नुसती टिंगल. 'जगाला शहाणपण शिकवलं आणि स्वतः प्लॅस्टिक आणलं!' ग्रॅम ते ऐकायचा आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. रात्री जेवताना अर्धं ताट तसंच ठेवून उठायचा. बायको विचारायची, "तुम्हाला झालंय तरी काय?" तो म्हणायचा, "ॲसिडिटी."

चौथ्या आठवड्यात तो शिंप्याच्या दुकानात बसला होता. शिंपी समोर रिकाम्या हातांनी बसला होता. ताई, म्हणजे शिंप्याची बायको आणि ग्रॅमची थोरली मेहुणी, बटणं लावत होती. आता दुकानाचा सगळा भार तिच्यावरच होता. तेवढ्यात बेकरीवाला पँटची उंची कमी करून घ्यायला आला आणि थेट ग्रॅमकडे वळला.

"बरं झालं भेटलात. नवी दोरी घ्यायचीय, कसली घेऊ? आता शिंप्याला विचारायची सोय राहिली नाही!" तो स्वतःच खो खो हसला.

ग्रॅम सांगू लागला. आपल्या आपण बुडणारी घ्या. फार जाड नको. बारीक तर नकोच नको, ओला हात... शब्दन् शब्द समोर बसलेल्या शिंप्याचा. आणि तो माणूस निमूटपणे मान डोलावत होता, बरोबर सांगताय असं म्हणत असल्यासारखा. ग्रॅमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईने दातांनी दोरा तोडला आणि नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत? शिका जरा भावोजींकडून. दोरी आणण्याआधी त्यांना विचारलं असतंत तर आज ही वेळ आली नसती. सगळ्या घराला भोगायला लावलंत!"

"ती दोरी माझी होती," ग्रॅम म्हणाला.

"गप्प बसा हो, साडूबुवा," शिंपी पुटपुटला.

"माझीच होती, ताई. परत करून या म्हणाले होते दादा. मी ऐकलं नाही. आणि धक्क्यावर यांनी ते आपल्या अंगावर घेतलं, तेव्हाही मी गप्प राहिलो."

बेकरीवाल्याच्या हातातली पँट तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट धक्क्यावर जाणार, आपल्या होडीचा दोर सोडला जाणार, हे ग्रॅमला ठाऊक होतं. त्याची आता तयारी होती. ताईच्या शिव्या खायचीही तयारी होती. खरं तर त्या शिव्यांसाठी तो आसुसला होता.

ताईने शिव्या दिल्या नाहीत. ती ग्रॅमकडे बघतही नव्हती.

"अगं बाई गं," ती नवऱ्याला म्हणाली, "रोज बोलले हो मी तुम्हाला. जेवताना बोलले. शर्टाची बटणं लावून देताना बोलले. काल तर म्हटलं, तुमच्यापेक्षा..."

"असू दे गं," शिंपी म्हणाला.

"असू दे काय? परत कसे घेऊ मी ते शब्द?"

ग्रॅम उठून उभा राहिला. "ताई, मला बोला. माझ्या थोबाडीत मारा."

"तुम्ही जा, भावोजी," ती म्हणाली. "तुमच्यावर रागवायला मला आत्ता वेळ नाही." आणि तिने नवऱ्याचा तो न वळणारा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.