दाग्नीची गाडी आणि दिराचं निदान

दाग्नी क्विस्टला माणसं फारशी आवडत नसत आणि हे ती लपवतही नसे. लेमविग या बंदराच्या गावात जन्मभर दारोदार टपाल वाटल्यावर माणसांबद्दल बरं मत राहणार कसं, असा तिचा सवाल असायचा. कोणाचा कुत्रा चावतो आणि तो चावल्यावर दारात उभं राहून "खेळतोय हो तो" असं कोण म्हणतं, वाऱ्यात सायकल ढकलत आलेल्या बाईला आत कोण बोलावतं आणि पडद्याआडून कोण नुसतं बघत बसतं, सगळं तिला तोंडपाठ होतं. पडद्याआडून बघणारेच जास्त, हा तिच्या सगळ्या नोकरीचा निष्कर्ष.

नवरा होल्गर बंदरावर क्रेन चालवायचा. त्याच्याकडे एक काळी, साइडकारवाली जुनी मोटरसायकल होती, लग्नाच्याही आधीची. दर उन्हाळ्यात तो दाग्नीला साइडकारमध्ये बसवायचा, तंबूची पिशवी तिच्या मांडीवर द्यायचा आणि निघायचा. पुढच्या चाकाचा चिखल तिच्या तोंडावर. एकदा तिने विचारलं होतं, "मी चालवून बघू का?" तर होल्गर म्हणाला, "तुला झेपायची नाही ती. आणि मग साइडकारमध्ये कोण, मी बसू?" स्वतःच्या या विनोदावर तो पुढचं गाव येईपर्यंत हसत होता. दाग्नीला होल्गर आवडायचा, पण तेवढा विनोद तिने त्याला कधी माफ केला नाही.

होल्गर भर थंडीत गेला. अंत्यविधीनंतर सगळे कॉफीला जमले, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ आयविंद हातात केकची बशी घेऊन तिच्याजवळ आला.

"वहिनी, गाडीची काळजी तू करू नकोस. मी नेतो घरी."

"का? तुझी मोडली?"

"तसं नाही गं. पण तू काय करणार तिचं?"

"चालवणार."

आयविंद हसला. आजूबाजूचे चारजण हसले. फक्त आयविंदची बायको टोवे हसली नाही. ती कॉफी ओतता ओतता दाग्नीकडे बघत राहिली आणि कॉफी बशीत सांडली.

साठीला टेकलेल्या दाग्नीने वसंत यायच्या आत परवाना काढला. परीक्षा घेणारा तरुण तिला सुरुवातीला "आजी" म्हणत होता. फेरी मारून आल्यावर तिने गाडी त्याच्या बुटांच्या इतकी जवळ आणून थांबवली की नंतर तो "बाई" म्हणायला लागला.

आता या आयविंदबद्दल सांगायला हवं. दूध सोसायटीच्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ कार्बोरेटरचा डॉक्टर झाला होता. तो कोणी केला, कधी केला, कोणालाच ठाऊक नव्हतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटा स्क्रू-ड्रायव्हर, नाकावर चष्मा, आणि कोणाचीही गाडी कशानेही बंद पडो, निदान एकच: "मिक्श्चर." दिवा लागत नाही? मिक्श्चर. ब्रेक ओढतोय? आधी मिक्श्चर बघू. गावातल्या जुन्या मोटरसायकलवाल्यांचं एक मंडळ होतं. ते दर गुरुवारी दुपारी मासळीच्या गोदामामागे जमायचं आणि तिथे आयविंदचा दरबार भरायचा. लोक त्याच्या हाती गाड्या का देत? टोवे घरून थरांचा केक करून आणायची, म्हणून. तो केक खायचा तर अर्धा तास आयविंदचं ऐकावं लागे, आणि ऐकता ऐकता तो तुमचा कार्बोरेटर उघडून बसलेला असे.

दाग्नीही त्याच्या हाती सापडली, आणि तीही एका क्षुल्लक कारणाने. वळणावर टाकीच्या झाकणातून पेट्रोलचे दोन थेंब उडून तिच्या पँटवर पडायचे. आयविंद म्हणाला, "रबर गेलंय झाकणातलं. दोन मिनिटांचं काम." त्याने जुन्या ट्यूबची चकती कापली, झाकणात चिकटवली, वर बोटाने दाबली. पेट्रोल उडायचं थांबलं. दाग्नीने त्याचे आभार मानले. आयुष्यात तिने त्याचे आभार मानले ते तेवढेच.

त्यानंतर गाडी बंद पडायला लागली.

सुरू व्हायची एका किकमध्ये. गावाबाहेर चढ चढून वर पठारावर यायची, मोकळ्या रस्त्याला लागायची आणि मग कोणीतरी गळा आवळल्यासारखी घुसमटायची. चोक ओढला की दोन-चार ढांगा पुढे, मग ठप्प. थोडा वेळ उभी केली की कधी सुरू व्हायची, कधी नाही.

"मिक्श्चर जास्त होतंय," आयविंदने गुरुवारी जाहीर केलं. "पेट्रोल जास्त, हवा कमी. गुदमरते बिचारी."

मंडळातल्या मोगेन्स नावाच्या सुताराने स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. तो बोलायला घाबरणारा माणूस, तरी बोलला, "आयविंद, पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा पडतो ना? हा तर पांढराफटक आहे. म्हणजे पेट्रोल पोचतच नाहीये."

"समुद्राची हवा आहे ही, मोगेन्स. मिठाने पांढरा पडलाय."

"सिलिंडरच्या आत मीठ?"

"केक घे," आयविंद म्हणाला.

त्याने पेट्रोल अजून कमी केलं. गाडी आता चढावरच बंद पडायला लागली. मग त्याने पेट्रोल सोडणारं जेट बदललं. मग कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट काढून तो उकळत्या पाण्यात बुडवून बघितला, टोवेच्या अंड्यांच्या भांड्यात. मग पेट्रोल शिळं झालंय म्हणून टाकी रिकामी करून काठोकाठ ताजं भरलं, तर गाडी नेहमीपेक्षा निम्म्या वाटेत बंद पडली.

"हे कसं काय?" दाग्नीने विचारलं. "टाकी अर्धी होती तेव्हा जास्त चालत होती."

"वजन, वहिनी. भरल्या टाकीचं वजन. इंजिनावर ताण येतो."

"आणि मी बसते त्याचा नाही येत?"

"तोही येतोच," आयविंद गंभीरपणे म्हणाला. टेबलापाशी टोवे एकाएकी बशा मोजायला लागली.

गंमत अशी की आयविंद बरोबर असला की गाडी परत सुरू व्हायची. बंद पडली की तो आपल्या गाडीवरून उतरायचा, आधी टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे ना ते बघायचा, झाकण लावायचा, मग कार्बोरेटरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करायचा आणि म्हणायचा, "मार किक." गाडी सुरू. "बघितलंस? हात लागतो माणसाचा," असं म्हणून तो स्वतःच्या हाताकडे कौतुकाने बघायचा.

जूनच्या सुरुवातीला त्याने निकाल दिला.

"वहिनी, कार्बोरेटर आतून झिजलाय. संपलं. याला आता कोणी वाली नाही. होल्गरनेच दामटलेली गाडी, त्याच्यामागे किती टिकणार? मला दे. मी बघतो काय करायचं ते, सुट्या भागांसाठी का होईना."

"स्कागेनला जायचंय मला."

"आगगाडी जाते की स्कागेनला."

उन्हाळ्याच्या मध्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने होळ्या पेटतात. त्या रात्रीसाठी स्कागेनला जुन्या मोटरसायकलींचा मोठा मेळावा भरायचा. होल्गर तिला दरवर्षी तिथे न्यायचा. यंदा तिला स्वतः जायचं होतं. घरी येऊन राय ब्रेडवर हेरिंग मासा ठेवून खाताना मात्र तिला पहिल्यांदाच वाटलं की गाडी देऊन टाकावी. होल्गर म्हणाला होता तेच खरं, आपल्याला झेपत नाही. मग होल्गरचाच राग आला, आणि रागाच्या भरात तिने ताट सरकवलं, हेल्मेट घेतलं आणि एकटीच बाहेर पडली.

किनाऱ्यावरच्या हार्बोरेकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर गाडी बंद पडली. दोन्हीकडे सपाट कुरणं, गाई, आणि पश्चिमेचा वारा. मदतीला कोणी नाही, आणि मुख्य म्हणजे आयविंद नाही. दाग्नीने त्याच्याच सवयीने टाकीचं झाकण उघडलं.

सुस्स.

झाकण सैल होताच टाकीने जोरात हवा आत ओढली. वारा जरा पडला होता म्हणून तो आवाज तिला ऐकू आला. आयविंद बरोबर असताना त्याचं तोंड चालू असायचं, त्यामुळे कोणालाच कधी काही ऐकू आलं नव्हतं.

तिने झाकण लावलं, टकटक न करता किक मारली. गाडी सुरू झाली.

आता दाग्नी इरेला पेटली. ती पुढे गेली आणि गाडी पुन्हा बंद पडायची वाट बघू लागली. पडली. या वेळी तिने झाकणाला हात लावला नाही. किक मारली, नाही. कार्बोरेटरला आयविंदसारखी टकटक केली, नाही. "मिक्श्चर" असं मोठ्याने म्हणून बघितलं. कुंपणापलीकडची गाय तेवढी वळून बघायला लागली. मग झाकण फिरवलं: सुस्स. किक: सुरू. तिसऱ्यांदा तिने झाकण नुसतं टेकवून ठेवलं, त्यावर रुमाल बांधला आणि निघाली. पँटवर पेट्रोल उडत होतं, नाकात वास जात होता, आणि गाडी थेट समुद्रापर्यंत न थांबता गेली.

बंधाऱ्याशी उतरून तिने झाकण उलटं करून पाहिलं. धातूत एक बारीक भोक होतं, हवा आत जायला ठेवलेलं. पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वर हवा यायला नको? आणि त्या भोकावर, नीट गोल कापून, भरपूर गोंद लावून, आयविंदची रबराची चकती बसली होती. टाकी जितकी भरलेली तितकी आत हवा कमी, म्हणून ती लवकर घुसमटायची. गेले कित्येक आठवडे दीर ज्या रोगावर उपचार करत होता, तो रोग त्यानेच दिलेला होता.

त्याने मुद्दाम केलं असेल का, हा विचार तिच्या मनात आला. गाडीवर त्याचा डोळा होताच. पण परत येताना तिने तो विचार सोडून दिला. दुष्टपणाला थोडी तरी अक्कल लागते, आणि आयविंदवर एवढा मोठा आळ घ्यायला तिचं मन धजेना.

गुरुवारी ती गोदामामागे गेली. मंडळ जमलेलं होतं.

"आणलीस गाडी?" आयविंद उठला. "शहाणी माझी वहिनी. ठेव इथेच."

दाग्नीने झाकण काढून त्याच्या हातात दिलं. "भावजी, यात फुंक."

"काय?"

"भोकातून फुंक. जाते का हवा?"

आयविंदने बाहेरून ओठ लावून फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा जाईना. मोगेन्स पुढे आला, त्याने झाकण घेऊन उलटं केलं, चकती बघितली आणि त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"आयविंद, हे तू लावलंस."

"मी..." आयविंद लाल झाला. "हो. लावलं. मुद्दामच लावलं. चाचणी म्हणून. टाकी बंद करून बघायची असते एकदा."

"किती दिवस?" दाग्नी म्हणाली. "माझं तेरावं घालेपर्यंत?"

कोणी हसलं नाही, कारण आयविंद रागावला की केकची पंचाईत व्हायची. पण टेबलामागून एक विचित्र आवाज आला. टोवे हसत होती. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग खुर्चीत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मिक्श्चर!" एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. "अगं बाई, माझ्या अंड्यांच्या भांड्यात... मिक्श्चर!" मग मात्र सगळेच फुटले.

दाग्नीने टोवेच्या केसातली पिन मागून घेतली, चकतीला भोक पाडलं, झाकण लावलं. आयविंदने फिरवलेले सगळे स्क्रू मोगेन्सने परत जागेवर आणून दिले.

निघायच्या दिवशी सकाळी दाग्नी साइडकारमध्ये तंबू ठेवत होती, तर टोवे हातात छोटी बॅग घेऊन फाटकात उभी.

"जाऊबाई, तंबू मागे बांधता येईल का?"

"तो कुठेही बांधता येईल. का गं?"

"मला बसायचंय."

"आयविंदला सांगितलंस?"

"चिठ्ठी ठेवलीय. पावाला लावायच्या लिव्हर पेस्टचा डबा कुठे आहे तेही लिहिलंय. नाहीतर तो डबाही उघडून दुरुस्त करायचा."

दाग्नीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. इतकी वर्षं ही बाई तिला केक आणि मान खाली घालणं यापलीकडे काही वाटली नव्हती. तिची चूक झाली होती, आणि माणसांच्या बाबतीत ती चुकल्याची वेळ तशी विरळच. तिने तंबू मागे बांधला, होल्गरचा गाडीवर घालायचा चष्मा टोवेला दिला आणि म्हणाली, "तोंड मिटून बस. चिखल येतो."

दिवसभर गाडी एकदाही थांबली नाही. रात्री स्कागेनच्या वाळूत होळ्या पेटल्या, लोक गायला लागले. दाग्नीला गाणी आवडत नसत आणि गाणारे त्याहून नाही. तरी ती टोवेशेजारी शेवटपर्यंत उभी राहिली. टोवे मोठ्याने, बेसूर गात होती. दाग्नीने तिला गप्प केलं नाही.

दोघी आठवडाभराने परतल्या. आयविंदने दारात विचारलं, "गाडी बरी चालली?" टोवे थेट आत जाऊन झोपली. गुरुवारचा केक तिने बंद केला. मंडळ काही दिवस कोरडी बिस्किटं घेऊन जमलं, मग निम्मं झालं. आयविंदने कार्बोरेटर सोडले आणि बॅटऱ्यांकडे मोर्चा वळवला. आता त्याला सगळीकडे करंट गळताना दिसतो.

टोवे पुढच्या वसंतात परवान्याच्या परीक्षेला बसली आणि नापास झाली. दाग्नीने तिला लेमविगबाहेरच्या वळणावळणाच्या चढावर नेलं आणि इतके टोमणे मारले की शेवटी टोवे चिडून एका दमात वर गेली. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. त्या उन्हाळ्यात दोघी जावा बोटीने नॉर्वेला गेल्या, आळीपाळीने गाडी चालवत.