ढोलाची चेपलेली कड

परवा मुर्रीला, आमच्या गावी, धाकटा भाऊ फाटकाला ऑइलपेंट मारत होता. त्या वासासरशी मला त्याची कसम परेड, म्हणजे भरतीनंतरच्या शपथेची परेड, आठवली. फौजेच्या त्या प्रशिक्षण केंद्रात मी बाबांसोबत गेले होते. बाबाही जुने फौजी, पण घरी त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

परेड संपल्यावर बँडवाल्यांनी मोठा ढोल आमच्या खुर्च्यांजवळ सावलीत ठेवला. नुकताच रंगवलेला, वर केंद्राचं नवं नाव. बाबा वाकले, पितळी कडेवरून बोट फिरवत गेले आणि एका चेपलेल्या जागी थांबले.

"हा आमच्या पलटनीचा ढोल. ही कड माझ्याच हातून चेपली होती."

त्यांची पलटन मोडून या केंद्रात मिसळली होती. तिचं नाव त्यांनी हळूच सांगितलं. ताज्या रंगाखाली त्या नावाची जुनी अक्षरं अजून उमटून दिसत होती; बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं.

तेवढ्यात एक जवान धावत आला. "बाबूजी, हाथ मत लगाइए, रंग कच्चा है."

बाबांनी बोट रुमालाला पुसलं.

"लहान्याला बोलावू का? त्याला दाखवा ना," मी म्हटलं.

"कायले? आज त्याची परेड होय. ढोलही त्याचाच राहू दे."

तेव्हा मला त्यांचं मन फार मोठं वाटलं. आता वाटतं, कुणीतरी त्यांना आग्रह करायला हवा होता.

पुढं बाबा वारले. भाऊही रिटायर झाला. परवा त्याला हे सांगितलं, तसा त्याचा ब्रश थांबला.

"मले काऊन नाही सांगितलं बाबानं? कोणती पलटन होती, ताई?"

मी तोंड उघडलं, पण नाव आठवेना. तो ब्रश हातात धरून वाट पाहत राहिला.