मूस बोलत नाही

शंतनू बर्व्याला कुणाचाही आवाज काढता यायचा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या महाराष्ट्र मंडळात मोठी माणसंसुद्धा त्याच्यासमोर जपून बोलायची. न जाणो, पुढच्या पॉटलकच्या जेवणाला आपलंच वाक्य आपल्याच सुरात ऐकू यायचं! सुलभाकाकू मात्र स्वतःहून मागे लागायच्या. “अय्या, माझी करून दाखव ना रे!” त्यानं हेच वाक्य तस्संच परत म्हटलं, की हातातलं श्रीखंडाचं भांडं सांभाळत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

२००३च्या दिवाळीत त्यानं स्टेजवर बाबांची नक्कल केली. चारुदत्त बर्वे गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. साहेबाचा फोन आला की घरीसुद्धा खुर्चीतून उठून उभे राहत. शंतनू उठला, शर्ट खोचला, मूठ कानाला लावली. “येस सर. नो सर. राइट अवे, सर.” आणि मान तीनदा खाली. हॉल नुसता कोसळला. बाबांच्या ऑफिसातली चार माणसं तिथंच होती, ती सगळ्यांत जास्त हसली. सोमवारपासून ऑफिसात बाबांचं नाव पडलं ‘राइट अवे’.

त्या रात्री गाडीत बाबा एवढंच म्हणाले, “पद्मजा, त्याला सांग, सीटबेल्ट लाव.”

तो मागच्याच सीटवर बसला होता.

पुढची चार वर्षं तेच. त्याला सांग, जेवायला ये. त्याला सांग, अंगणातला बर्फ काढ. समोरासमोर बसूनही सगळं आईमार्फत. आई वैतागायची. “अहो, मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?” शंतनूला सॉरी म्हणायचं होतं, खरंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं की त्यात कुठून तरी नाटक शिरायचं, सूर वर जायचा, आणि बाबा ताट घेऊन उठायचे.

घरापासून दोन तासांवरच्या छोट्या कॉलेजात तो बास्केटबॉल टीमचा मूस झाला, म्हणजे मॅचला प्राण्याचं सोंग घालून नाचणारा मॅस्कॉट. मूस म्हणजे सांबराचा थोराड, लोंबत्या नाकाचा चुलतभाऊ. फोमचं डोकं, हातभर रुंद शिंगं, केसाळ हातमोजे, परातीएवढे खूर. आत आदल्या मुलाच्या घामाचा वास. चिअर टीमच्या मिसेस डॉब्सनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मूस बोलत नाही. मूस बसत नाही. मूस डोकं काढत नाही. आत कोण आहे ते तुझ्या आईलाही कळता कामा नये. एक शब्द ऐकू आला, तर तू बाहेर.” ग्रॅज्युएशनच्या दिवशी तेवढं गाउनखाली खूर घालून स्टेजवर जायचं. मग जगाला कळतं. ज्याला सगळ्यांचे आवाज काढता यायचे, त्याला हे गप्प राहणंच आवडलं.

२००८च्या फेब्रुवारीपर्यंत बाबांची कंपनी बंद पडली होती. त्यांना पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. आईची लॅबमधली नोकरी चालू, म्हणून ती मागेच राहणार होती. जायच्या आठवड्यात बाबा एकटेच, न कळवता, ड्राइव्ह करत कॉलेजात आले. शंतनूचा फोन लॉकरमध्ये वाजत होता. रूममेट म्हणाला, “तो मॅचला असतो. एकही चुकवत नाही.”

मुसाच्या तोंडातल्या जाळीतून शंतनूला ते दिसले. तिसऱ्या रांगेच्या टोकाला, ऑफिसचा कोट, मफलर. मॅच चालू असताना ते प्रेक्षकांचे चेहरे बघत होते, एकेक करून.

त्याचे पाय आपोआप तिकडे वळले. पायऱ्यांवर खूर अडकला आणि बाबांच्या बुटावर पडला. मूस खाली वाकला, बुटाला हातमोजा लावला आणि तोच हात आपल्या लांबलचक नाकाला टेकवला.

“असू दे, असू दे,” बाबा म्हणाले. मग थांबले. त्या काचेच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

“शंतनू बर्वे म्हणून मुलगा आहे इथं,” ते सावकाश, मराठीत म्हणाले. “त्याला सांग, शुक्रवारी मी निघालो. त्याला सांग...” आणि मफलर नीट करत बसले.

“बाबा, सॉरी.”

हा कुणाचाच आवाज नव्हता. सूर वर गेला नाही, नाटक नाही. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ निघाला. नियम मोडला होता, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्याच क्षणी टाइमआउट झाला. बँडचे ढोल दणाणले. दोन इंच फोमच्या आतला आवाज आतच राहिला. मिसेस डॉब्सनासुद्धा ऐकू गेला नाही. त्यांनी दंड धरून मुसाला नाचायला कोर्टावर नेलं. तो नाचला. वळून बघितलं तर टोकाची खुर्ची रिकामी होती.

शुक्रवारपर्यंत त्यानं तीनदा घरी फोन केला. “त्याला सांग, पॅकिंग चाललंय, असं म्हणताहेत,” आई तिन्ही वेळा म्हणाली.

मे महिन्यात गाउनखाली खूर घालून तो फटक फटक करत स्टेजवर चढला. अख्खं मैदान उठून ओरडलं, “मूस! मूस!” त्यानं हात हलवला आणि खाली उतरला. आई कुंपणापाशी फोन कानाला लावून उभी होती, डोळे पुसत.

“मी सांगितलं त्यांना, तूच तो मूस होतास म्हणून. तर म्हणाले, त्याला सांग, मला तेव्हाच कळलं होतं. घरातसुद्धा पाय लागला की असाच नमस्कार करायचा.”

“दे, फोन दे आई.”

आईनं फोन कानापासून काढला, एकदा बघितला.

“ठेवला रे त्यांनी.”