सव्वासहा इंच

बातम्यांचं माप टेपेनं घेणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि माझं नशीब असं की शिवाजी पेठेत मी बरोबर त्याच्याच दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. पेठ त्यांना शिंपीमामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणायचे. सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाइकाच्या आधी पेपर यायचे, एक नाही, चार. मामा ते कापायच्या टेबलावर कापडासारखे पसरायचे, गळ्यातली टेप काढायचे आणि बातम्यांची लांबी मोजायला लागायचे. दोन पुढाऱ्यांचं भांडण अठरा इंच भरलं आणि त्याच पानावर पेठेत दोन दिवस पाणी येणार नसल्याची बातमी दीड इंचात उरकली, तेव्हा मामा रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून म्हणत होते, "आता घागर काय भांडणात बुडवायची व्हय?"

मोजून समाधान झालं नाही, तर ते स्वतः बघायला जात. पेपरात 'चौकात तणावपूर्ण शांतता' असं आलं की मशीनवरचा सदरा तसाच सोडून सायकलला टांग मारायची. तासाभरानं परत येऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचे, "तणाव न्हाय. दोन पोलीस भेळ खायला लागल्यात. मीबी खाल्ली. तिखट कमी हाय." टीव्हीवरच्या चर्चा ते आवाज बंद करून बघत. आठ चौकटींत आठ माणसं ओरडत असताना मामांचं लक्ष त्यांच्या कपड्यांवर असायचं. "त्या मधल्याच्या कोटाचा खांदा उतरलाय बघ. स्वतःचा कोट धड न्हाय, आन् निघालाय देश शिवायला." या सगळ्यात गिऱ्हाइकांचे कपडे कधीच वेळेवर मिळत नसत. एका नवरदेवानं हळदीच्या दिवशी येऊन दुकानात ठिय्या दिला, तेव्हा मामांनी त्याला सदऱ्याऐवजी पेपर हातात दिला आणि म्हणाले, "तवर ह्यो वाच, ह्यात बी काज-बटण न्हायच." मामी आतून ओरडल्या, "अहो, त्याचं लगीन पेपरवर लावताय काय?" सदरा मुहूर्ताआधी मिळाला, पण थोडा ओलसर, इस्त्रीची वाफ निघत असलेला.

मी भुदरगडकडच्या खेड्यातून आलेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. राजारामपुरीतल्या एका छोट्या दैनिकात मला उपसंपादकाची नोकरी लागली, तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं होतं, "आता आमची लेक खरं-खोटं ठरवती." आईला आजही वाटतं, पेपरात छापलंय म्हणजे ते खरंच असणार. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

एका संध्याकाळी कार्यालयात फोन आला. नऊ विद्यार्थिनी उलट्या होऊन दवाखान्यात दाखल, एका खानावळीचं जेवण बाधलं. सांगणाऱ्यानं खानावळीचं नावही सांगितलं. ती आक्कांची खानावळ होती. कॉलेजची तीन वर्षं मी तिथंच जेवले होते. परीक्षेच्या दिवशी आक्का माझ्या डब्यात न मागता एक भाकरी जास्त ठेवायच्या. क्षणभर वाटलं, नाव गाळावं. मग वाटलं, ओळखीचं माणूस म्हणून नाव गाळलं तर मी कसली पत्रकार? त्या प्रामाणिकपणाच्या भरात मी नाव ठळक टाकलं. आक्कांना फोन करायचं मात्र सुचलं नाही, आणि दवाखान्यात जायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा जिना चढून वर आले. जिन्यावर ते कधी येत नसत. हातात पेपर, गळ्यात टेप.

"पोरी, ही बातमी सव्वासहा इंच हाय. तू लिव्हलीस?"

"व्हय, मामा."

"गेलतीस काय बघायला?"

"फोन आलता."

"फोनला नाक असतंय काय? आमटीचा वास घेतलास त्यातनं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मी आत्ता तिकडनंच येतोय. चाळीस डबं बंद झाल्यात. आक्का चुलीम्होरं बसल्यात, चूल न पेटवता. चल."

मामा सायकलवर आणि मी रिक्षात, असे आम्ही दवाखान्यात पोचलो. मामांनी एकेका खाटेपाशी जाऊन, माप घेताना विचारतात तितक्याच गंभीरपणे विचारलं, "बाळ, परवापास्नं काय काय खाल्लंस? सगळं सांग, लाजू नगंस." नऊपैकी चौघींनी आक्कांची खानावळ कधी बघितलीही नव्हती. नऊही जणी मात्र एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला जमल्या होत्या, आणि तिथला क्रीमचा केक दिवसभर उन्हातल्या गाडीच्या डिकीत होता. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. वर म्हणाले, "काल कुणी विचारायलाच आलं नाही." मी मान खाली घालून लिहून घेत राहिले.

दुपारी आम्ही कार्यालयात गेलो. संपादकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे, उद्या सातव्या पानावर खुलासा टाकू."

"केवढा?" मामांनी विचारलं.

"दीड-दोन इंच. पण पावणं, तुम्ही कोण?"

"शिंपी." मामांनी टेप त्यांच्या टेबलावर, त्या सकाळच्या बातमीवर अंथरली. "डाव्या बाहीला सव्वासहा इंच कापड आन् उजव्या बाहीला दीड. असला सदरा तुमी घालून दावा सायेब, मी जातो."

कार्यालयात कुणीतरी हसलं. ही नोकरी गेली तर गावी काय तोंड दाखवू, हेच डोक्यात होतं. तरी मी म्हटलं, "सर, त्याच पानावर छापा. चूक माझी आहे, तेही लिहा." संपादकांनी टेप गुंडाळून मामांच्या हातात दिली. मग म्हणाले, "लिही. आणि या वेळी आक्कांशी बोलून लिही."

सकाळी पेपर आला तसा मामांनी टेप लावली. मी शेजारीच उभी. "सहा. पाव इंच कमी हाय," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून टेप गुंडाळत हसले, "चालतंय. धुतल्यावर कापड जरा आटतंयच की."

सगळे डबे काही परत आले नाहीत, पण चूल पेटली. पुढचा महिनाभर मामा रोज दुपारी आक्कांकडे रस्त्यावरून दिसेल अशा खुर्चीत बसून दोन वेळा आमटी मागून जेवत होते, आणि मामी घरच्या भाकऱ्यांवरून रोज भांडत होत्या. मला आक्का एवढंच म्हणाल्या, "आलीस न्हवं? बस, जेव."

आता मी दुसरीकडे राहते. मामांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि बातम्या मोबाईलवर आल्यापासून त्यांची फार पंचाईत झाली आहे. "ह्या बातमीला खालचा काठच न्हाय की गं. टेप धरायची कुठं?" म्हणून ते आता बातमीऐवजी मलाच मोजतात. रोज सकाळी नऊ वाजता फोन येतो. काय लिहिलंस, असं ते विचारत नाहीत. विचारतात, "काल काय बघून आलीस?" मी सांगते, ते "हं" म्हणतात, आणि माझा दिवस सुरू होतो.

एखाद्या दिवशी तो फोन येत नाही. मी लावला तर मामी सांगतात, "बरं हाईत, झोपल्यात." मी बरं म्हणते, आणि चपला घालून पेठेत बघायला निघते.