बोटाची दोरी

मे महिन्यात घरचे नि शेजारचे आम्ही सगळे संध्याकाळी जेटीवर मासे गरवायला बसतो. काठी नसते. दोरी बोटाला गुंडाळायची, मासा लागला की बोटालाच कळतं.

यंदा बाबांचा हात थरथर कापतो. थोड्या थोड्या वेळानं ते ओरडतात, "लागला!" आम्ही धावतो, दोरी ओढतो. गरीवर आमिषाला लावलेली कोळंबी जशीच्या तशी असते.

"हुशार निघाला," शेजारचे नाना गंभीरपणे म्हणतात.

थरथर माशाची की हाताची, हे दोरीला कळत नाही. माणसांना कळतं, तरी ती धावतात.

काल मी त्यांची भिजून मऊ झालेली कोळंबी बदलत होते. बाबा हळूच म्हणाले, "हात कापतो, ते समजतं गं मला. पण ओरडलो की सगळे धावत येता."

मी दोरी पुन्हा त्यांच्या बोटाला गुंडाळली आणि त्यांच्या हाकेची वाट बघत बसले.